बधिर शिक्षकाचे स्थान : पॅरिस, मिलान आणि मुंबई

१

मराठीत 'मूकबधिर' हा सामासिक शब्द दीर्घकाळ रूढ आहे. शाळांच्या पाट्यांवर, शासकीय पत्रकांत आणि वृत्तपत्रांच्या स्तंभांतून तो इतका परिचयाचा झाला आहे की, त्याच्या दोन पदांत गृहीत धरलेल्या संबंधाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जो ऐकू शकत नाही तो बोलू शकत नाही, आणि जो बोलू शकत नाही त्याला भाषा नाही, अशी दोन अनुमाने या समासाने एकत्र बांधली आहेत. त्यांपैकी पहिले काही अंशी खरे आहे. जन्मतः बधिर असलेल्या बालकाच्या कंठात वा जिव्हेत कोणताही दोष नसतो. परंतु कानावर ध्वनी न पडल्यामुळे त्याला उच्चारांचे अनुकरण साधत नाही. दुसरे अनुमान मात्र सर्वस्वी चुकीचे आहे. 'वाचा' आणि 'भाषा' या दोन भिन्न गोष्टी होत. वाचा हे भाषेचे एक वाहन आहे. ते एकमेव वाहन नव्हे. हा भेद युरोपातील विद्वानांच्या ध्यानात येण्यास आणि भाषाशास्त्राने तो सप्रमाण मांडण्यास विसावे शतक अर्ध्याहून अधिक उलटावे लागले. तोपर्यंतच्या विलंबाची किंमत बधिर तरुणांच्या कित्येक पिढ्यांनी आपल्या शिक्षणाने आणि उपजीविकेने चुकती केली.

बधिरांच्या शिक्षणाचा इतिहास सामान्यतः पद्धतींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. खुणांची पद्धती, मौखिक पद्धती, मिश्र पद्धती अशा क्रमाने त्याचे कालखंड पाडले जातात. ही मांडणी उपयुक्त असली, तरी तीत एक महत्त्वाची बाब झाकली जाते. शाळेत बधिर मुले शिकत होती काय, या प्रश्नाबरोबरच त्या शाळेत बधिर माणसे शिकवीत होती काय, हाही प्रश्न विचारला पाहिजे. शिक्षण आणि उपजीविका यांचे क्षेत्र अन्यत्र निराळे असेल. बधिर शिक्षकाच्या ठिकाणी ती दोन्ही एकत्र येतात. शिक्षणाने बधिर तरुणाला जी पहिली प्रतिष्ठित नोकरी मिळवून दिली ती शिक्षकाची, आणि धोरण बदलताच त्याच्या हातून जी पहिली निसटली तीही शिक्षकाचीच. या एका पदाच्या उदयास्ताचा मागोवा घेतल्यास बधिरांच्या समावेशनाचा सबंध प्रश्न अधिक स्पष्टपणे समोर येतो.

२

प्राचीन विधिग्रंथांत बधिरांचा उल्लेख प्रामुख्याने मालमत्तेच्या संदर्भात येतो. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्कातून वगळावयाच्या व्यक्तींमध्ये जन्मतः बधिर असलेल्याची आणि मुक्याची गणना केली आहे. त्यांना यथाशक्ती अन्नवस्त्र द्यावे, असेही तेथेच बजावले आहे. पोषणाचा अधिकार आहे, पण व्यवहाराचा अधिकार नाही, असा या व्यवस्थेचा आशय होता. ब्रिटिश हिंदुस्थानात ही अपात्रता प्रायः दूर झाली ती १९२८ च्या अधिनियमाने. रोमन परंपरेतही स्थिती फारशी वेगळी नव्हती. सहाव्या शतकातील जस्टिनियनच्या संहितेने जन्मतः मूकबधिर असलेल्यास मृत्युपत्र करण्याचा अधिकार नाकारला. परंतु ज्याला लिहिता येते अशा बधिराची गोष्ट वेगळी मानली. व्यवहारक्षमतेची कसोटी येथे ऐकण्यावरून लिहिण्यावर सरकली, हे लक्षणीय होय.

सोळाव्या शतकात स्पेनमधील पेद्रो पोन्से द लेओन या बेनेडिक्टीन संन्याशाने सरदार घराण्यांतील बधिर मुलांना लिहिणे, वाचणे आणि बोलणे शिकविले. त्यानंतर १६२० मध्ये हुआन पाब्लो बोनेत याने या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु हे शिक्षण धनिकांच्या घरात एकेका मुलाला दिले जात होते. अनेक बधिर मुले एकत्र बसून शिकत आहेत, असे दृश्य अद्याप निर्माण झाले नव्हते. ते निर्माण झाले अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, पॅरिसमध्ये.

शार्ल मिशेल द लेपे या धर्मगुरूने १७६० च्या सुमारास पॅरिसमध्ये गरीब बधिर मुलांसाठी आपल्या खर्चाने शाळा चालविण्यास आरंभ केला. बधिरांना खुणांची भाषा त्याने दिली, असे लोकप्रिय चरित्रांतून सांगितले जाते. हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. १७७९ मध्ये पिएर देलोज या बधिर कारागिराने लिहिलेले एक छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुस्तकबांधणी आणि भिंतींना कागद लावणे हा त्याचा व्यवसाय होता. लहानपणी, सातव्या वर्षाच्या सुमारास, आजारपणामुळे तो बधिर झाला होता. लेपेच्या शाळेत तो शिकलेला नव्हता. पॅरिसमधील बधिर कामकरी आपापसांत सर्व विषयांवर खुणांनी संभाषण करतात, हे त्याने स्वानुभवाने नमूद केले. म्हणजे शाळेच्या आधी समाज होता आणि त्या समाजाला भाषा होती. लेपेचे श्रेय वेगळे आहे. बधिरांची भाषा हीच त्यांच्या शिक्षणाची वाट होय, हे त्याने ओळखले, आणि त्या वाटेने तो स्वतः चालला. फ्रेंच व्याकरणातील प्रत्येक प्रत्ययासाठी त्याने ज्या कृत्रिम खुणा योजल्या त्या टिकल्या नाहीत. त्याने एकत्र आणलेल्या मुलांची स्वतःची भाषा मात्र टिकली आणि समृद्ध झाली.

लेपेचा समकालीन सॅम्युएल हाइनिके याने १७७८ मध्ये लाइपझिग येथे शाळा उघडली. विचार हा वाचेवाचून संभवत नाही, अशी त्याची धारणा असल्यामुळे त्याने उच्चार शिकविण्यावर भर दिला. दोघांमध्ये झालेला पत्ररूप वाद प्रसिद्ध आहे. त्या वादाचे सूत्र पुढे शंभर वर्षे चालू राहिले.

लेपेच्या मृत्यूनंतर, १७९१ मध्ये, फ्रान्सच्या राष्ट्रसभेने त्याच्या शाळेला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा दिला. तिचा प्रमुख सिकार याच्याबरोबर बोर्दोहून आलेला झाँ मास्यू हा बधिर तरुण तेथे सहायक शिक्षक झाला. मेंढपाळाचे काम करण्यात बालपण गेलेल्या मास्यूला तेराव्या-चौदाव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नव्हती. १७९२ मध्ये क्रांतीच्या धामधुमीत सिकारला अटक झाली, तेव्हा त्याच्या सुटकेसाठीचा अर्ज मास्यूने राष्ट्रसभेपुढे नेला. ज्याला कायद्याने काही वर्षांपूर्वीपर्यंत अर्धा मनुष्य मानले असते, तो आता आपल्या गुरूसाठी राज्यसत्तेकडे दाद मागत होता. मास्यूचा शिष्य लोराँ क्लेर आणि त्यानंतरच्या पिढीतील फेर्दिनाँ बेर्तिए हेही याच शाळेचे विद्यार्थी आणि पुढे याच शाळेचे शिक्षक. बेर्तिएने १८३८ मध्ये बधिरांची परस्परसाह्यक संस्था स्थापन केली. १८४९ मध्ये त्याला 'लेजियों द'ऑनर' हा राष्ट्रीय सन्मान मिळाला.

क्लेरची कामगिरी तर एका खंडापुरती उरली नाही. अमेरिकेतून पद्धतीच्या शोधात आलेल्या थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट यांच्यासमवेत तो १८१६ मध्ये अटलांटिक ओलांडून गेला. कित्येक आठवड्यांच्या प्रवासात क्लेर गॅलॉडेटकडून इंग्रजी शिकला आणि गॅलॉडेट क्लेरकडून खुणांची भाषा शिकले. १८१७ च्या एप्रिलमध्ये हार्टफर्ड येथे त्यांची शाळा सुरू झाली. आजच्या अमेरिकन सांकेतिक भाषेचे नाते इंग्लंडमधील सांकेतिक भाषेशी नसून फ्रान्समधील भाषेशी आहे, याचे मूळ या प्रवासात आहे. दोन्ही देशांची बोलभाषा एकच असताना बधिरांच्या भाषा परस्परांना दुर्बोध असाव्यात, ही गोष्ट सांकेतिक भाषा बोलभाषेची नक्कल नसल्याचा स्वच्छ पुरावा होय.

हार्टफर्डहून निघालेले शिक्षक इतर राज्यांत गेले, तेथे शाळा निघाल्या, आणि त्या शाळांतून बाहेर पडलेले बधिर विद्यार्थी पुन्हा शिक्षक झाले. १८७० च्या सुमारास अमेरिकेतील बधिरांच्या शाळांमधील शिक्षकांत बधिर शिक्षकांचे प्रमाण शेकडा चाळिसांहून अधिक होते. १८६४ मध्ये वॉशिंग्टन येथे बधिरांसाठी उच्च शिक्षणाचे महाविद्यालयही सुरू झाले होते. लहान बधिर मुलाला आपल्यासारखाच एक प्रौढ मनुष्य वर्गाच्या अग्रभागी उभा असलेला रोज दिसत होता. मोठेपणी आपण कोण होऊ शकतो, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या डोळ्यांसमोर होते.

३

१८८० च्या सप्टेंबरमध्ये इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सहा दिवस चाललेल्या या परिषदेस सुमारे १६० प्रतिनिधी उपस्थित होते आणि त्यांत इटालियन व फ्रेंच प्रतिनिधींचे फार मोठे बहुमत होते. बोलण्याची पद्धती खुणांपेक्षा निर्विवादपणे श्रेष्ठ असून बधिरांच्या शिक्षणात तिलाच अग्रस्थान द्यावे, असा ठराव १६० विरुद्ध ४ अशा मतांनी संमत झाला. दुसऱ्या ठरावाने याहून पुढचे पाऊल टाकले. बोलणे आणि खुणा यांचा एकत्र वापर केल्यास बोलणे, ओष्ठवाचन आणि विचारांची स्पष्टता यांना बाध येतो, म्हणून 'शुद्ध मौखिक पद्धती'च स्वीकारावी, असे त्यात सांगितले होते.

विरोधकांत अमेरिकेचे प्रतिनिधी होते. त्यांतील जेम्स डेनिसन हे वॉशिंग्टन येथील शाळेचे मुख्य आणि स्वतः बधिर होते. ज्या सभेत बधिरांच्या शिक्षणाचे भवितव्य ठरले तीत बधिर प्रतिनिधी जवळजवळ नव्हतेच, आणि जो होता तो शिक्षक होता, ही गोष्ट केवळ योगायोगाची मानता येत नाही. बधिर माणसाला अशा सभेत बसण्याचा मान मिळवून देणारा तोच एक व्यवसाय त्या काळी होता.

मौखिक पद्धतीच्या पुरस्कर्त्यांना दुष्ट ठरविणे इतिहासाला धरून होणार नाही. एकराष्ट्र-एकभाषा हे ध्येय त्या काळी युरोपभर बलवान होते. नुकत्याच एकसंध झालेल्या इटलीत तर ते विशेष जिव्हाळ्याचे होते. बधिर मुलाने आपल्या आईवडिलांशी आणि शेजाऱ्यांशी त्यांच्याच भाषेत बोलावे, ही इच्छाही स्वाभाविक होती. काही काळ ऐकून नंतर बधिर झालेल्या किंवा थोडे ऐकू येणाऱ्या मुलांना या पद्धतीचा खरोखर लाभ झाला, आणि परिषदेत पाहुण्यांपुढे उभी केलेली मुले पाहून अनेकांचा विश्वास बसला. दोष उच्चारशिक्षणात नव्हता. दुसरी भाषा हिरावून घेतल्याखेरीज ही भाषा येणार नाही, या हट्टात तो होता.

या हट्टाचा पहिला आघात बधिर शिक्षकांवर झाला. जो स्वतः ऐकू शकत नाही तो दुसऱ्याचा उच्चार कसा सुधारणार, हा युक्तिवाद पुरेसा ठरला. पॅरिसच्या ज्या संस्थेत मास्यू, क्लेर आणि बेर्तिए यांनी अध्यापन केले होते, तेथील वर्गांतून बधिर शिक्षक बाजूला सारले गेले. अमेरिकेत अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८३ मध्ये राष्ट्रीय विज्ञान परिषदेपुढे वाचलेल्या निबंधात बधिरांच्या आपसांतील विवाहांविषयी भीती व्यक्त केली, आणि बधिरांना एकत्र आणणाऱ्या कारणांत निवासी शाळा, खुणांची भाषा व बधिर शिक्षक यांचा समावेश केला. वॉशिंग्टनच्या महाविद्यालयात १८९१ मध्ये शिक्षक-प्रशिक्षणाचा विभाग निघाला तो ऐकणाऱ्या उमेदवारांसाठी. बधिरांच्या महाविद्यालयातच बधिर विद्यार्थ्याला शिक्षक होण्याचे ते दार बंद होते. १९१७ पर्यंत अमेरिकेतील शाळांत बधिर शिक्षकांचे प्रमाण शेकडा पंधराच्या आसपास उतरले होते.

४

मौखिक शिक्षणाने बधिर तरुण ऐकणाऱ्यांच्या समाजात मिसळेल आणि त्याला काम मिळणे सुलभ होईल, हे मिलानच्या ठरावामागील मुख्य आश्वासन होते. ते कितपत पुरे झाले, याची परीक्षा पुढे फ्रान्समध्येच झाली. बुद्धिमापनाच्या कसोट्यांमुळे प्रसिद्ध असलेले आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०९ मध्ये शाळेतून बाहेर पडलेल्या तरुणांच्या घरी आणि कामाच्या ठिकाणी जाऊन चौकशी केली. बहुतेकांना घरच्या परिचित माणसांशी थोडेफार बोलता येत असे. अपरिचिताशी संभाषण साधत नसे. ज्यांना काम मिळाले होते त्यांना ते वाचेच्या बळावर मिळालेले नव्हते. उच्चारशिक्षणासाठी खर्च झालेल्या वर्षांचा व्यवहारात मोबदला मिळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. शिक्षणक्षेत्रातील अनेकांना तो रुचला नाही आणि धोरण बदलले नाही. सत्तर वर्षांनंतर, १९७९ मध्ये, इंग्लंडमधील संशोधक कॉनरॅड यांनी शाळा सोडणाऱ्या बधिर मुलांची वाचनक्षमता तपासली. पंधरा-सोळा वर्षांच्या या मुलांचे मध्यम वाचनवय सुमारे नऊ वर्षांचे आढळले. मौखिक शिक्षणाची किंमत केवळ संभाषणात मोजावी लागली नाही. लेखन-वाचनातही ती मोजावी लागली.

याच काळात बधिर कामगारांनी जेथे पाय रोवले ते क्षेत्र मुद्रणाचे होते. अनेक शाळांतून छापखाने चालत, शाळेचे पत्र विद्यार्थीच जुळवीत आणि छापीत. यंत्रांचा खडखडाट जेथे इतरांना असह्य होई तेथे बधिर जुळारी शांतपणे काम करी. अमेरिकेतील मोठ्या वृत्तपत्रांच्या छापखान्यांत बधिर कामगारांची संख्या लक्षणीय होती आणि जेथे ते अनेक असत तेथे सांकेतिक भाषा कामाच्या जागीही चाले. १९७० नंतर छायाक्षरजुळणी आली, खिळे गेले आणि त्यांबरोबर हा व्यवसायही मावळला. हाताच्या कौशल्यावर उभी असलेली नोकरी तंत्र बदलताच नाहीशी होते. नवे तंत्र शिकण्यासाठी जी भाषासंपत्ती लागते ती शाळेने दिलेली नसेल, तर कामगार तेथेच अडतो. उद्योगशिक्षण हे भाषाशिक्षणाची जागा घेऊ शकत नाही, असा याचा बोध आहे.

५

हिंदुस्थानात बधिरांच्या शाळेचा उदय मिलानच्या परिषदेनंतर झाला, ही कालानुक्रमातील बाब अर्थपूर्ण आहे. कॅथॉलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मुंबईत १८८५ च्या सुमारास पहिली शाळा निघाली. १८९३ मध्ये कलकत्त्यास दुसरी निघाली. तिच्या संस्थापकांपैकी जामिनीनाथ बॅनर्जी यांनी इंग्लंड-अमेरिकेत जाऊन प्रशिक्षण घेतले. दक्षिणेत पाळयंकोट्टै येथे फ्लॉरेन्स स्वेन्सन या मिशनरी बाईंनी त्याच दशकात कार्य आरंभिले. युरोपात बधिर शिक्षकांची एक परंपरा निर्माण होऊन मग मोडली. येथे ती निर्माण होण्यापूर्वीच तिचा निषेध ज्यात गृहीत होता, असे शिक्षणशास्त्र आयात झाले. मास्यू किंवा क्लेर यांच्या तोडीचा बधिर शिक्षक येथील शाळांच्या आरंभकथेत आढळत नाही.

मौखिक पद्धतीने मराठी शिकणाऱ्या बालकापुढील अडचण ध्वनिविचाराच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ओष्ठवाचनात ओठांची हालचाल दिसते. स्वरतंत्रींचे कंपन, महाप्राणत्व आणि नासिक्यत्व दिसत नाही. 'पार', 'बार', 'भार' आणि 'मार' हे चार शब्द ओठांवर सारखेच उमटतात. कंठ्य व्यंजने तर मुखाच्या पश्चभागी निर्माण होतात. 'काडी', 'खाडी' आणि 'गाडी' यांतील आद्य व्यंजन पाहणाऱ्याला कळण्याचा मार्गच नाही. ऐकणारा मनुष्य संदर्भाने उणीव भरून काढतो, कारण भाषा त्याला आधीच अवगत असते. ज्याला भाषाच ओठांवरून शिकावयाची आहे त्याच्यापाशी हा संदर्भ कोठून येणार? मराठीतील सामान्यरूपे आणि विभक्तिप्रत्यय शब्दाच्या अखेरीस, बहुधा आघातावाचून येतात. बधिर विद्यार्थ्याच्या लेखनात तेच गळतात, याचे आश्चर्य वाटू नये. व त्यावरून त्याच्या बुद्धीचे माप काढणे तर मुळीच युक्त नव्हे.

वर्गात खुणांना मज्जाव असला, तरी वसतिगृहात आणि क्रीडांगणावर मुले आपसांत खुणांनीच बोलत. जगातील मौखिक शाळांचा हा सार्वत्रिक अनुभव आहे. शाळेने जी भाषा नाकारली तिचेच संगोपन शाळेच्या आवारात झाले, आणि मोठ्या मुलांनी लहानांना ती दिली. वर्गाबाहेरचे हे शिक्षक बिनपगारी आणि बिनदर्जाचे होते, एवढेच.

स्वातंत्र्यानंतर उपजीविकेच्या प्रश्नाकडे शासनाचे लक्ष वळले. शारीरिक दृष्ट्या अपंग उमेदवारांसाठीचे पहिले विशेष सेवायोजन कार्यालय १९५९ मध्ये मुंबईत उघडले. १९७७ मध्ये केंद्र शासनाच्या खालच्या दोन वर्गांतील पदांत अपंगांसाठी शेकडा तीन जागा राखून ठेवण्यात आल्या. १९९५ च्या कायद्याने या तरतुदीस वैधानिक बळ दिले आणि त्यांतील एक हिस्सा श्रवणदोष असलेल्यांसाठी ठरविला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने एकूण प्रमाण शेकडा चार केले आणि बधिर व अल्पश्रवण व्यक्तींचा हिस्सा शेकडा एक ठेवला. २०११ च्या जनगणनेत श्रवणविषयक अपंगत्व नोंदविलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख ७० हजार होती. राखीव जागेचा लाभ घेण्यासाठी प्रथम पात्रता लागते, पात्रतेसाठी शिक्षण लागते, आणि शिक्षणासाठी भाषा लागते. कायद्याने शेवटची पायरी बांधली. पहिली बांधण्याचे काम शाळेकडे होते.

६

पहिल्या पायरीचा पाया भाषाशास्त्राने घातला. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट महाविद्यालयात इंग्रजी शिकविणारे विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये एक प्रबंधिका प्रसिद्ध केली. अमेरिकन सांकेतिक भाषेतील प्रत्येक खूण हाताचा आकार, तिचे स्थान आणि हालचाल या घटकांत विभागता येते, आणि यांपैकी एक घटक बदलला की अर्थ बदलतो, असे त्यांनी दाखविले. बोलभाषेत वर्ण जे कार्य करतात तेच येथे हे घटक करतात. १९६५ मध्ये दोन बधिर सहकाऱ्यांच्या साह्याने त्यांनी या भाषेचा कोश सिद्ध केला. खुणा म्हणजे हातवाऱ्यांचा अनियमित समूह, ही समजूत यानंतर शास्त्रीयदृष्ट्या टिकण्यासारखी राहिली नाही.

भारतातील सांकेतिक भाषेच्या अभ्यासाचा आरंभ एका बधिर भारतीयाच्या जीवनाशी निगडित आहे. हिमाचलातील मदन वसिष्ठ हे अकराव्या वर्षी बधिर झाले; दिल्लीत छायाचित्रणाचे शिक्षण घेऊन त्यांनी तेथे नोकरी केली आणि १९६७ मध्ये गॅलॉडेट महाविद्यालयात प्रवेश घेतला. पुढे डॉक्टरेट मिळवून ते अध्यापक झाले. वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन यांनी १९७८ मध्ये दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगलोर येथील खुणांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा सुमारे शेकडा पंचाहत्तर खुणा परस्परसंबद्ध आढळल्या. चार शहरांच्या चार बोलभाषा भिन्न कुळांतील असूनही बधिरांची भाषा मूलतः एक होती. उल्रिके झेशान यांनी २००० मध्ये तिच्या व्याकरणाचे विवेचन केले. या भाषेत एक सर्वसाधारण प्रश्नवाचक खूण आहे. 'चेहरा' या खुणेला ती जोडली की 'कोण', 'स्थळ' या खुणेला जोडली की 'कोठे' आणि 'काळ' या खुणेला जोडली की 'केव्हा' असा अर्थ होतो. प्रश्नवाचक आणि नकारवाचक खुणा वाक्याच्या अखेरीस येतात. ज्या भाषेला असे नियम आहेत तिला भाषा न म्हणणे हा अज्ञानाचा प्रकार होय.

या ज्ञानाचा परिणाम संस्थांवर हळूहळू झाला. मुंबईत १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत २००१ नंतर भारतीय सांकेतिक भाषेचे अध्यापन सुरू झाले. २००९ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात बधिर विद्यार्थ्यांसाठी उपयोजित सांकेतिक भाषा अध्ययनाचा पदवी अभ्यासक्रम निघाला. तो काही वर्षांतच बंद पडला. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. या केंद्राच्या कोशात २०२१ पर्यंत १० हजार संज्ञांचा समावेश झाला, आणि सांकेतिक भाषा शिकविणाऱ्यांसाठी जो पदविका अभ्यासक्रम केंद्राने आखला तो बधिर उमेदवारांसाठीच ठेवला. १८९१ च्या वॉशिंग्टनशी या तरतुदीची तुलना केल्यास काळ किती पालटला आहे, हे दिसून येईल. मध्यंतरी गॅलॉडेट येथेही विद्यार्थ्यांच्या चळवळीमुळे १९८८ मध्ये प्रथमच बधिर अध्यक्ष नियुक्त झाला होता. महाविद्यालयाच्या स्थापनेनंतर १२४ वर्षांनी. मिलानच्या ठरावांबद्दल त्याच परंपरेतील आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१० मध्ये व्हँकुव्हर येथे खेद व्यक्त करून ते ठराव अमान्य केले.

७

आता शिक्षणक्षेत्रात 'समावेशन' हा शब्द प्रतिष्ठा पावला आहे. अपंग बालकाने शेजारच्या मुलांबरोबर एकाच शाळेत शिकावे, हे तत्त्व न्याय्य आहे. परंतु बधिर बालकाच्या बाबतीत त्याचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. पायऱ्यांऐवजी उतार बांधला की चाकाच्या खुर्चीतील विद्यार्थी वर्गात येतो आणि वर्गातील बोलणे त्याला कळते. बधिर विद्यार्थी वर्गात विनासायास येतो. त्याला कळत नाही ते वर्गातील बोलणेच. चाळीस ऐकणाऱ्या मुलांत सांकेतिक भाषा न जाणणाऱ्या शिक्षकापुढे बसविलेले एकटे बधिर मूल हजेरीपटावर समाविष्ट असते, भाषेतून मात्र बहिष्कृत असते. बधिर मुलांची एकत्र शाळा मोडून त्यांना गावोगावच्या शाळांत विखुरले, तर त्यांच्या परस्परसंभाषणाची, म्हणजेच भाषेच्या संक्रमणाची, जागाही नाहीशी होते. मिलानचा ठराव न वाचताही त्याची अंमलबजावणी होण्याचा हा मार्ग आहे. १९९४ च्या सलामांका घोषणेने समावेशनाचा जागतिक पुरस्कार केला. तीतसुद्धा बधिरांच्या संभाषणविषयक विशेष गरजा लक्षात घेऊन त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा वा वर्ग अधिक योग्य ठरू शकतील, असे नमूद केले आहे, ते विसरता येत नाही.

कर्णयंत्रे आणि शस्त्रक्रियेने बसविलेली श्रवणसाधने यांनी अनेक बालकांना वाचेचा लाभ झाला आहे व होत राहील. पण ज्याला त्यांचा लाभ उशिरा होईल, अपुरा होईल किंवा होणारच नाही, अशा मुलाने भाषेवाचून वाट पाहत राहावे, असे कोणतेही शास्त्र सांगत नाही.

२०१६ च्या अधिनियमातील एक तरतूद या संदर्भात विशेष विचारार्ह आहे. सांकेतिक भाषेत व ब्रेल लिपीत पारंगत असलेल्या शिक्षकांना, त्यांत स्वतः दिव्यांग असलेल्या शिक्षकांनाही, प्रशिक्षण देऊन नेमण्याची जबाबदारी तिने शासन आणि स्थानिक संस्था यांवर टाकली आहे. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या संहितेतील शब्दच तेथे उतरले आहेत. मिलानने जे पद काढून घेतले ते परत करण्याचे वचन अशा रीतीने भारतीय कायद्यात लिहिले गेले. २०२१ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेला शालेय अभ्यासक्रमात भाषाविषयाचे स्थान देण्याचे घोषित झाल्यामुळे हे वचन पाळण्यास साधनही उपलब्ध झाले आहे. भाषा हा विषय म्हणून शिकवावयाचा, तर ती ज्यांची सहज भाषा आहे त्यांच्याहून योग्य शिक्षक कोण असणार?

सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सारा सनी या बधिर वकील दुभाष्याच्या साह्याने उपस्थित झाल्या, तेव्हा त्या घटनेची देशभर वार्ता झाली. अशी घटना वार्तेचा विषय होणे थांबेल तेव्हाच बधिर तरुणांचे समावेशन साधले, असे म्हणता येईल. ते साधण्याचा आरंभ न्यायालयात किंवा कारखान्यात होणार नाही; तो प्राथमिक वर्गात होईल. दोन शतकांपूर्वी पॅरिसच्या शाळेत मास्यूच्या समोर बसलेल्या क्लेरला आपण पुढे काय होऊ शकतो, हे कोणी समजावून सांगावे लागले नाही. महाराष्ट्रातील किती बधिर मुलांना त्यांच्या वर्गात असा शिक्षक भेटतो, याची शाळावार मोजणी करण्याचे काम विद्यापीठीय संशोधकांनी हाती घेण्याजोगे आहे. समावेशनाची प्रगती पटसंख्येपेक्षा त्या आकड्यावरून अधिक विश्वसनीयपणे कळेल.